जे दिलेले नव्हते

आपल्या शाळेच्या इतिहासाच्या वर्गात खिडकीलगत काचेचे एक कपाट आहे. विद्यार्थ्यांनी वेळोवेळी घरून आणून दिलेल्या वस्तू त्यात मांडलेल्या आहेत. कोणाच्या आजीच्या जात्याची तळी, कोणाकडचा पितळी अडकित्ता, कोणाच्या घरचे जुने माप. मधल्या फळीवर वीतभर लांबीचा, गंजून फुगलेला लोखंडाचा एक तुकडा आहे आणि त्याच्या शेजारी पुठ्ठ्याचे कार्ड. कार्डावर आमच्या इतिहासाच्या सरांच्या वळणदार अक्षरांत लिहिले आहे : ‘वस्तू – लोखंडी कुऱ्हाड, भग्न. शाळेत आली – नोव्हेंबर २००३. स्थळ – एका विद्यार्थ्याच्या शेतातील शिळावर्तुळ.’ त्याखाली आणखी तीन शब्द आहेत : ‘खोली’, ‘बाजू’ आणि ‘सोबतच्या वस्तू’. या तिन्ही शब्दांपुढची जागा रिकामी आहे.

तो विद्यार्थी मी. स्मरणिकेसाठी काही लिहावे असा शाळेकडून निरोप आला, तेव्हा वसतिगृहातील पहाटेची वंदना, भन्तेजींचा दरारा, पंगतीतले वरण अशा अनेक आठवणी जाग्या झाल्या. त्या माझे वर्गमित्र माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील. मला लिहायचे आहे ते त्या तीन रिकाम्या ओळींविषयी. त्या रिकाम्या का राहिल्या हे मी आजवर कोणालाही पूर्णपणे सांगितलेले नाही.

केळझरच्या परिसरात वाढलेल्या मुलाला जुन्या दगडांचे अप्रूप नसते. नागपूरहून बुटीबोरीमार्गे वर्ध्याकडे येणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. इथे टेकडीवर गणपतीचे प्रसिद्ध मंदिर आहे, जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत आणि अलीकडच्या काळात उभा राहिलेला विहारही आहे. केळझर म्हणजेच महाभारतातील एकचक्रानगरी आणि भीमाने बकासुराला मारले ते इथेच, असे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. जिथे एवढे जुने दगड असतात, तिथे त्यांच्याखाली धन असल्याच्याही गोष्टी असतात. कोणाच्या तरी पणजोबांना मोहरांचा हंडा दिसला होता, कोणाच्या विहिरीत साखळदंड वाजतात, कोणाच्या शेतात नाग पहारा देतो. लहानपणी अशा कथा ऐकतच आम्ही झोपत असू.

आमचे गाव केळझरपासून काही कोसांवर. त्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्याचे कारण लेखाच्या शेवटी वाचकांच्या लक्षात येईल. आमच्या साडेतीन एकर वावराच्या एका कोपऱ्यात, धुऱ्याला लागून, मोठमोठ्या काळ्या दगडांचे एक वर्तुळ होते. त्यातला प्रत्येक दगड दोन-तीन माणसांनाही सहज हलणार नाही एवढा होता. मधली जागा थोडी उंचावलेली, मुरूम आणि गोट्यांनी भरलेली. तिथे नांगर चालत नसे, म्हणून तो तुकडा पडीतच राहिला. गावातली म्हातारी माणसे त्याला ‘गवळ्यांचा वाडा’ म्हणत. वर्तुळातल्या एका दगडावर वाटीएवढे चार-पाच गोल खळगे होते. माझी आजी निंदणाला गेली की जाताना त्या खळग्यांत तांब्यातले पाणी ओतून ठेवी. उन्हाळ्यात चिमण्या त्यावर उतरत. हे खळगे कोणी केले असे मी विचारले, तर ती म्हणायची, “पाखराइसाठीच केले असन कोणं तरी.” तिच्या उत्तरात पुरातत्त्व नव्हते, पण त्या दगडाशी कसे वागावे याची समज होती.

२००३ साली मी आठवीत होतो. आजी आदल्या वर्षी गेली होती. कापसाचे पीक सलग दोन वर्षे हातचे गेले होते. सोसायटीचे कर्ज थकले होते आणि बहिणीचे लग्न ठरत आले होते. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तर ओसरीवर एक अनोळखी गृहस्थ बसलेले. शहरातून आलेले, इस्त्रीचे कपडे घातलेले. त्यांच्याजवळ लांब दांड्याचे, खाली गोल चकती असलेले एक यंत्र होते. जमिनीत धातू असला की ते वाजते, असे त्यांनी बाबांना सांगितले. वर्तुळात धन असल्याची खात्री आहे, खोदण्याचा खर्च माझा, निघेल त्यात अर्धा वाटा तुमचा, असा त्यांचा प्रस्ताव होता.

त्यांना आणखी एक गोष्ट कळली होती. मी पायाळू आहे. पायाकडून जन्मलेल्या माणसाला जमिनीखालचे धन दिसते, असा समज आपल्याकडे सर्वत्र आहे. यंत्र पायाळू मुलाच्या हाती दिले की ते खोटे बोलत नाही, असे ते म्हणाले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आमच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि शेजारी बावीस प्रतिज्ञांची चौकट होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात माझे आजोबा त्या जनसमुदायात उभे राहून त्या प्रतिज्ञा बोलले होते. आई त्या चौकटीकडे बोट दाखवून बाबांना म्हणाली, “हे काय चाललं? पोराले कुठं नेता?” बाबा तिच्याकडे न पाहता म्हणाले, “यंत्र आहे ते, मंत्र नाही.”

हे वाक्य मी आयुष्यभर मनात घोळवत आलो आहे. बाबा ते स्वतःला समजावण्यासाठी बोलले होते, हे मला फार उशिरा कळले.

अमावस्या उलटून दोन दिवस झाले होते. रात्री नऊच्या सुमारास आम्ही वावरात गेलो. त्या गृहस्थांनी माझ्या डोळ्यांवर दुपट्टा बांधला, यंत्राची मूठ माझ्या हाती दिली आणि माझा खांदा धरून मला वर्तुळात फिरवले. मला फक्त ऐकू येत होते. यंत्र सुरुवातीपासूनच कुरकुरत होते. मग एके ठिकाणी ते मोठ्याने वाजले, थोड्या वेळाने दुसऱ्या ठिकाणी, मग तिसऱ्या. मला बाजूला नेऊन बंडीत बसवले आणि वर घोंगडी टाकली. दुपट्टा काढू नको, नाही तर धन सरकते, अशी ताकीद होती. फावड्याचा आवाज, सब्बल दगडावर आदळल्याचा आवाज, मडके फुटल्याचा आवाज आणि मध्येच बाबांचा धापा टाकल्याचा आवाज ऐकत मी झोपलो.

सकाळी जाग आली तेव्हा सारे उरकले होते. तीन ठिकाणी माती उकरून पुन्हा लोटलेली होती. हलवलेले दगड जमतील तसे परत ठेवले होते. धुऱ्यावर खापऱ्यांचा ढीग पडला होता. त्या खापऱ्या वरच्या बाजूला काळ्या आणि खाली लाल होत्या. त्यांतच पांढरी पडलेली, बोटाने दाबली तरी चुरा होणारी हाडे होती. सोने निघाले नव्हते. तांब्याचे एक कडे निघाले होते, ते त्या गृहस्थांनी ‘तपासायला’ म्हणून नेले. ते परत कधीच आले नाहीत. लोखंड त्यांनी फेकून दिले होते. ढिगातला एक जड तुकडा मी उचलला आणि आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून शाळेत आणला. सरांना तो दाखवून शाबासकी मिळवावी, एवढाच विचार त्यामागे होता.

सरांनी तुकडा हातात घेतला, कागदावर ठेवला आणि खिडकीच्या उजेडात बराच वेळ पाहिला. मग त्यांनी मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. किती खोल होता? वर्तुळाच्या कोणत्या बाजूला होता? मडक्याच्या आत होता की बाहेर? धार कोणत्या दिशेला होती? हाडे माणसाची होती की जनावराची? ती लोखंडाच्या वर होती की खाली? त्यांच्याजवळ मणी होते का? माती कोणत्या रंगाची होती, तीत राख होती का?

एकाही प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. सर रागावले नाहीत. त्यांनी एक कार्ड घेतले, माहीत असलेले लिहिले आणि उरलेल्या तीन जागा मोकळ्या सोडल्या. मी म्हणालो, “सर, दोन हात खोल असं लिहू या का? अंदाजे?” ते म्हणाले, “नको. खोट्या ओळीपेक्षा रिकामी ओळ बरी. रिकामी ओळ निदान खरे बोलते.”

त्या वर्षी सरांनी आम्हाला नागपूरला मध्यवर्ती संग्रहालयात नेले. १८६३ साली सुरू झालेल्या या संग्रहालयाला आपण सारे अजब बंगला म्हणतो. परतताना बसमध्ये त्यांनी आमच्या शेतातल्या वर्तुळाचे कूळ सांगितले. अशी शिळावर्तुळे विदर्भात, विशेषतः नागपूरच्या आसपास, मोठ्या संख्येने आहेत. इ.स.पूर्व पहिल्या सहस्रकातील, लोखंड वापरणाऱ्या लोकांची ती दफनस्थाने. नागपूरजवळच्या जुनापाणी येथे रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने १८६७ साली त्यांतली काही उघडली आणि दगडांवरच्या वाटीसारख्या खळग्यांचीही नोंद केली. म्हणजे आजीच्या पाखरांच्या वाट्या विद्वानांच्या वह्यांत शंभर वर्षांपूर्वीच पोचलेल्या होत्या. आपल्याकडून नागपूरला जाताना लागणाऱ्या बुटीबोरीजवळच टाकळघाट आणि खापा ही गावे आहेत. तिथे १९६०च्या दशकाच्या अखेरीस नागपूर विद्यापीठाच्या वतीने प्रा. शां. भा. देव यांनी उत्खनन केले. टाकळघाटला त्या लोकांची वस्ती आढळली आणि खाप्याला त्यांची वर्तुळे. पुढे माहूरझरीला घोड्यांचे अवशेष आणि त्यांचे साज सापडले, तर नैकुंडला लोखंड वितळवण्याची भट्टी. आपल्या जिल्ह्यातील पवनारलाही देव आणि म. के. ढवळीकर यांनी १९६७ साली उत्खनन केले होते. ते गाव म्हणजे वाकाटकांचे प्रवरपूर, असे मत वा. वि. मिराशी यांनी आधीच मांडले होते.

अशी वर्तुळे खोदण्याची रीत सरांनी बसच्या काचेवर बोटाने काढून दाखवली. वर्तुळाचे चार चतकोर पाडतात. समोरासमोरचे चतकोर आधी उतरवतात आणि मधल्या मातीच्या भिंती राखून ठेवतात, म्हणजे थर उभे वाचता येतात. माती बोटभर-बोटभर काढतात. प्रत्येक वस्तू जागच्या जागी ठेवून तिची मोजमापे घेतात, चित्र काढतात, छायाचित्र घेतात आणि मगच ती उचलतात. काढलेली माती चाळणीतून गाळतात. एका वर्तुळाला कित्येक दिवस लागतात. “तुमच्या शेतात किती वेळ लागला?” सरांनी हळूच विचारले. मी म्हणालो, “एक रात्र.”

त्या यंत्राविषयीचे माझे कुतूहल मात्र गेले नाही. पुढे विज्ञान शाखेत शिकत असताना मी त्याची रचना समजून घेतली. चकतीत तारेचे वेटोळे असते आणि त्यातून सतत दिशा बदलणारा विद्युतप्रवाह जातो. त्यामुळे चकतीभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात धातू आला की धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण होतात, त्यांचे स्वतःचे क्षेत्र उमटते आणि ते यंत्राला जाणवले की ते वाजते. त्याची विद्या एवढीच. नाण्याएवढी वस्तू साध्या यंत्राला सुमारे वीतभर खोलीपर्यंत कळते, मोठी वस्तू थोडी अधिक खोल. त्यातही आपली काळी माती ज्या बेसाल्ट खडकापासून बनली, त्यात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे कण असतात. वर्तुळाचे दगडही त्याच खडकाचे. त्यामुळे आपल्या भागात असे यंत्र पुष्कळदा उगाचच कुरकुरते. त्या रात्री माझ्या पायाळूपणाला जमीन जो कौल देत होती, त्यातला बराचसा तिच्या स्वतःच्या घडणीचा होता. बैलाची जुनी नाल, वखराची तुटकी पास किंवा दुधाच्या डब्याचे झाकण यांनाही यंत्र तेवढ्याच उत्साहाने दाद देते.

यंत्र खापरीला ओळखत नाही. राखेला, धान्याच्या जळक्या दाण्याला, हाडाला, दगडी मण्याला, मातीच्या बदललेल्या रंगाला ते मुकेच राहते. आणि हजारो वर्षांपूर्वीची माणसे काय खात होती, मेलेल्याला कसा निरोप देत होती, कोणावर प्रेम करीत होती, हे सांगणाऱ्या बहुतेक गोष्टी याच आहेत. यंत्राला एकच प्रश्न विचारता येतो : इथे धातू आहे का? सरांनी एका तुकड्याविषयी दहा प्रश्न विचारले होते. विज्ञान त्या दहा प्रश्नांत होते. आमच्या शेतात त्या रात्री यंत्र होते, पण ते डोळ्यांवर दुपट्टा बांधलेल्या मुलाच्या हाती होते. बाबांच्या वाक्यातली चूक हीच होती. प्रश्न विचारायची मुभा नसेल, तर यंत्राचाही मंत्र होतो.

यंत्रालाच दोष देणे बरोबर नाही. इंग्लंडमध्ये जमीनमालकाच्या परवानगीने शेतांत असे यंत्र घेऊन हिंडणारे हजारो हौशी लोक आहेत. तिथे १९९७ पासून सामान्य माणसांना सापडलेल्या वस्तूंची नोंद करण्याची सार्वजनिक योजना चालते आणि दहा लाखांहून अधिक वस्तू तिच्यात नोंदल्या गेल्या आहेत. पुरातत्त्वज्ञही परवानगीच्या उत्खननात हे यंत्र वापरतात. फरक पडतो तो नोंदीने.

आपल्याकडे मात्र यंत्र बहुतेक वेळा अफवेच्या मागून येते. ऑक्टोबर २०१३ मध्ये उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यात डौंडियाखेडा येथे एका साधूला पडलेल्या हजार टन सोन्याच्या स्वप्नाच्या गाजावाजात सरकारी उत्खनन झाले. सोने निघाले नाही. २०२५ च्या मार्चमध्ये आपल्या सीमेलगतच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, असीरगडाजवळच्या शेतांत, मोगलांच्या मोहरा असल्याच्या बोलण्यावरून माणसे रात्री बॅटऱ्या आणि धातुशोधक यंत्रे घेऊन उतरली आणि शेते उकरून मोकळी झाली. ती बातमी वाचली तेव्हा मला बंडीतली घोंगडी आठवली. त्या गर्दीतही कोणी आपल्या पोराचा हात धरून आला असेल, असे वाटून गेले.

गुप्तधनाच्या नादात आपल्या राज्यात यापेक्षा फार भयंकर गोष्टी घडल्या आहेत. २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर महाराष्ट्रात जो जादूटोणाविरोधी कायदा आला, त्यात गुप्तधनासाठी केली जाणारी अघोरी कृत्ये आणि नरबळी यांचा स्पष्ट उल्लेख आहे. माझ्यावर त्या रात्री दुपट्ट्यापलीकडे काही बेतले नाही. पण त्या वाटेची सुरुवात तीच असते, हे समजायला मला कायदा वाचावा लागला.

कायद्याविषयी आणखी एक गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना सांगायला हवी, कारण ती आमच्या घरात कोणाला माहीत नव्हती. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. न कळवल्यास शिक्षा आहे. पण हा कायदा गरिबाच्या विरोधात नाही. ठेव्यावर कोणाचा हक्क सिद्ध झाला नाही आणि दोघांत वेगळा करार नसला, तर सापडणाऱ्याला तीन-चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक-चतुर्थांश वाटा मिळावा, अशी त्यात तरतूद आहे. सरकारने ठेवा स्वतःकडे घ्यायचे ठरवले, तर त्यातील धातूच्या किमतीवर एक-पंचमांश अधिक रक्कम देण्याचीही तरतूद आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. म्हणजे ज्या माणसाने अर्ध्या वाट्याचे आमिष दाखवले, त्याच्याजवळ देण्यासारखे कायदेशीर काहीच नव्हते. म्हणूनच त्याला रात्र लागत होती.

आपण बौद्धांनी तर या गोष्टीकडे अधिक गंभीरपणे पाहायला हवे. आपल्या धम्माचा भारतातील इतिहास बव्हंशी जमिनीखालून वर आला आहे. भंडारा जिल्ह्यातील पवनीला १९६९-७० च्या उत्खननात स्तूप उघड झाले, दान देणाऱ्यांची ब्राह्मी लिपीतील नावे मिळाली आणि विदर्भात धम्म किती जुना आहे याचा दगडी पुरावा हाती आला. ज्यांचा इतिहास ग्रंथांतून पुसला गेला, त्यांच्यासाठी माती हाच दप्तरखाना आहे. तो दप्तरखाना लुटला गेल्याचे दुःखही आपल्याच वाट्याला आले आहे. १७९४ साली वाराणसीच्या जगतसिंहाने बाजार बांधण्यासाठी विटा हव्यात म्हणून सारनाथचा धर्मराजिक स्तूप पाडला. आत दगडी पेटी आणि तीत अस्थींचा करंडक होता. अस्थी गंगेत सोडून दिल्या गेल्या. १८२२ साली सांचीच्या महास्तूपाला एका इंग्रज अधिकाऱ्याने वरपासून पायापर्यंत भगदाड पाडले. जगतसिंहाला विटा हव्या होत्या, आमच्याकडे आलेल्या माणसाला तांबे. त्या जागेला काय सांगायचे आहे, हे दोघांपैकी कोणीच विचारले नाही.

वसतिगृहात रोज पहाटे आम्ही पंचशील घेत असू. दुसरे शील अदिन्नादानाचे : जे दिलेले नाही ते न घेणे. लहानपणी मला वाटे, हे शील मित्राच्या पेटीतल्या पेन्सिलीपुरते आहे. शेतातली कुऱ्हाड मी चोरली असे मला कधी वाटले नाही, कारण शेत आमचेच होते. पण ती कुऱ्हाड कोणीतरी आपल्या मेलेल्या माणसाच्या उशाशी ठेवली होती. ती आम्हाला दिलेली नव्हती. आणि ती घेताना तिच्याभोवतीचे जे सारे आम्ही मोडले, ते तर पुढच्या सगळ्या पिढ्यांचे होते. पुरातत्त्वज्ञही घेतो, पण तो आधी विचारतो, मोजतो, लिहितो आणि घेतलेले सर्वांसमोर ठेवतो. देणारा समोर नसताना घेण्याची एवढीच एक प्रामाणिक रीत मला दिसते.

आता त्या तीन ओळींकडे परत येतो.

त्या रात्रीविषयी बाबा घरात कधी बोलले नाहीत. कर्ज पुढे कसेबसे फिटले, बहिणीचे लग्न साधेपणाने झाले. त्यांनी वर्तुळाच्या बाजूने निंबाची चार झाडे लावली आणि आपला वखर त्याहून दोन हात लांबून फिरवायला सुरुवात केली. वर्तुळाचा निम्म्याहून अधिक भाग अजून जसाच्या तसा आहे. मागच्या उन्हाळ्यात दोन तरुण नवे यंत्र घेऊन आले होते. आता त्याला पडदाही असतो आणि धातूचा प्रकार आकड्यांत दिसतो. बाबांनी त्यांना पाणी दिले आणि म्हणाले, “वावर आमचं आहे. ते आमचं नाही.” तरुण हसून निघून गेले. बाबांनी मात्र त्या दिवशी मला फोन केला आणि एवढेच वाक्य पुन्हा सांगितले.

स्मरणिकेच्या कामासाठी मी शाळेत आलो, तेव्हा बाबांना सोबत आणले होते. इतक्या वर्षांत ते शाळेच्या फाटकापर्यंतच येत आले होते. इतिहासाच्या वर्गात मी त्यांना कपाटाजवळ नेले. त्यांनी चष्मा लावून कार्ड वाचले, एक एक अक्षर जुळवत. मग विचारले, “ह्या रिकाम्या काऊन हायेत?”

मी म्हणालो, “मला माहीत नव्हतं. माझे डोळे बांधलेले होते.”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. काचेवर हात ठेवून उभे राहिले. नंतर म्हणाले, “माह्ये तर उघडे होते न.” आणि मग सावकाश सांगू लागले. तीन खड्ड्यांपैकी दोन रिकामे गेले होते. लोखंड निघाले ते उगवतीच्या बाजूला, आजी पाणी ओतायची त्या दगडाच्या मुळाशी. कंदील त्याच दगडावर, खळग्यात ठेवला होता, म्हणून त्यांना पक्के आठवते. “दगड हलत नव्हता. सब्बल मीच लावली.” पुन्हा ठेवताना तो तिरपा बसला. तेव्हापासून त्या खळग्यांत पाणी राहत नाही, हे आम्ही दोघेही पाहत आलो होतो. त्याचे कारण आजवर एकट्या त्यांना माहीत होते.

खोली त्यांना सांगता आली नाही. “अंधार होता,” एवढेच म्हणाले. हाडे कोणत्या बाजूला होती, मडके किती होते, हेही नाही. मी अंदाज विचारला नाही.

सर आता निवृत्त आहेत. त्यांना फोन करून परवानगी घेतली आणि कार्डावर त्यांच्या अक्षराखाली माझ्या अक्षरात एक ओळ लिहिली : ‘बाजू – वर्तुळाच्या पूर्वेकडील, खळगे असलेल्या दगडाच्या मुळाशी. शेतमालकाने स्वतः सांगितल्यावरून, बावीस वर्षांनंतर नोंद.’ बाबांनी ती ओळ दोनदा वाचून घेतली.

उरलेल्या दोन ओळी रिकाम्याच आहेत.